गेम टेस्टरचे अल्पमुदतीचे काम स्वीकारण्यापूर्वी

सोलापूरहून पुण्याला काही महिन्यांच्या कंत्राटावर गेम टेस्टर म्हणून जाणार असाल, तर हे काम खेळण्याचे नसून तीच भिंत, तोच दरवाजा, तोच मेनू प्रत्येक नव्या बिल्डमध्ये, म्हणजे तपासणीसाठी आलेल्या गेमच्या नव्या आवृत्तीत, पुन्हा तपासण्याचे आहे, हे आधीच ध्यानात घ्यावे. खरी कसोटी बग, म्हणजे गेममधला दोष, नोंदवताना लागते: बिल्डचा क्रमांक, उपकरण, दोष पुन्हा घडवून आणण्याच्या क्रमवार पायऱ्या, अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्षात घडलेले, हे सारे असे लिहावे की तुम्हाला कधीही न भेटलेल्या प्रोग्रामरला एकही शंका विचारावी लागू नये. ‘गेम अडकतो’ एवढीच नोंद बहुधा परत येते. गोपनीयतेचा करार केला असेल, तर अप्रकाशित गेमचे नाव सोलापूरच्या पार्क चौकातल्या गप्पांतही काढू नये. खोलीचे डिपॉझिट भरण्यापूर्वी मात्र कंत्राटाची मुदत लेखी घ्यावी, कारण गेम बाजारात आला की टेस्टरांची संख्या अनेकदा कमी केली जाते.