क्लचचा आवाज, जड गिअर आणि 11 जून

गुरुजी, तुमची लांबलचक मेल वाचली, व्हॉट्सॲपवरचे सात फोटोही पाहिले, त्यातले तीन उलटे होते ते फोन फिरवून फिरवून वाचले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तासगावकडचे हे शिक्षक, 2023 च्या दसऱ्याला कोल्हापूरच्या एका शोरूममधून छोटी पेट्रोल गाडी घेतली, सव्वासात लाखाची. आठ महिन्यांत क्लच दाबला की कर्रर्र आवाज आणि फर्स्ट नाहीतर रिव्हर्स टाकायचा म्हणलं की लिव्हरशी कुस्ती. सर्व्हिस सेंटरवाले कधी म्हणाले नवीन गाडी आहे सेट होईल, कधी म्हणाले तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता. मार्च 2025 मध्ये क्लच सेट बदलला तोही यांच्याच खिशातून, 11,640 रुपये. ऑगस्टमध्ये आवाज परत. ऑक्टोबरात दोन वर्षांची वॉरंटी संपली, डिसेंबरात यांनी कंपनीला मेल टाकली आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, दोन्हीकडून उत्तर एकच, वॉरंटी संपली. आता गुरुजी विचारतायत, गाडी बदलून मिळेल का.

असं पत्र मला महिन्याला एखादं येतंच. कुणाचं स्टिअरिंग, कुणाचा एसी, कुणाचा क्लच. त्यामुळे ग्राहक म्हणजे कोण, बिलं जपून ठेवा वगैरे मी परत सांगत बसत नाही.

तुमच्या सात फोटोंत कामाचा कागद एकच आहे. 11 जून 2024 चं जॉब कार्ड, म्हणजे गाडी सर्व्हिसला घेताना भरतात तो कागद. त्यात रीडिंग 4,180 किलोमीटर आणि कस्टमर कंप्लेंटच्या रकान्यात सर्व्हिस सेंटरच्या पोराने बॉलपेनने लिहिलंय, क्लच दाबल्यावर आवाज, फर्स्ट गिअर जड. समोर लिहिलंय, चेक केलं, ओके. या कागदावर तुमची केस उभी आहे आणि याच कागदावर ती झोपू पण शकते, ते कसं ते सांगतो.

आधी चांगली बाजू. डीलर आणि कंपनी दोघांचा ठरलेला बचाव असतो की क्लच ही झिजायची वस्तू, चालवणाऱ्याच्या पायावर अवलंबून, वॉरंटीत बसत नाही. आता 40 हजार किलोमीटरला क्लच गेला असता तर मी पण तुम्हाला म्हणलो असतो गप बसा. पण 4,180 ला? कितीही क्लचवर पाय ठेवून चालवली तरी एवढ्यात आवाज येऊन गिअर जड झाला तर तो सगळा दोष तुमच्या डाव्या पायाचा, हे ग्राहक आयोगाला पटवणं त्यांना सोपं नाही. आणि हे तुम्ही नंतर वकिलाकडे बसून रचलेलं नाही, त्यांच्याच माणसाने त्यांच्याच छापील कागदावर लिहिलंय.

आता वाईट बाजू. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69 सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करायची, नाहीतर आयोग ती दाखलच करून घेणार नाही. नीट बघा, वॉरंटी संपल्यापासून दोन वर्षं असं कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही मेलमध्ये लिहिलंय की वॉरंटी ऑक्टोबर 2025 ला संपली म्हणजे माझ्याकडे ऑक्टोबर 2027 पर्यंत वेळ आहे. हे कुणी सांगितलं तुम्हाला? शोरूममधल्याने सांगितलं असेल तर त्याने मुद्दाम सांगितलं असं समजा. समोरचा वकील पहिल्याच दिवशी उभा राहून म्हणणार, साहेब, दोष यांना 11 जून 2024 ला कळला होता, त्यांचंच जॉब कार्ड आहे, मोजा दोन वर्षं. आणि समोरचा बोलला नाही तरी मुदत झाली की नाही हे आयोगाला स्वतःहून बघावंच लागतं, सुप्रीम कोर्टाने ते 2009 साली स्पष्ट केलंय.

आज एप्रिल संपत आलाय. 11 जून 2026 ला गुरुवार आहे. तुमच्याकडे सहा-सात आठवडे आहेत, सुट्टीत गावाला जाऊन आल्यावर बघू हा विषय नाही.

मधल्या काळात मी मेल केली, 1915 ला तक्रार केली, त्याचं काय, असं तुम्ही विचारणार. काही नाही. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. 1915 ही हेल्पलाइन चांगली आहे, बऱ्याच लोकांची कामं तिथेच होतात, पण ते समजुतीने मिटवायचं ठिकाण आहे, तिथे डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मिळाला म्हणजे केस दाखल झाली असं नाही. आमच्याकडे लोक तो नंबर घेऊन येतात आणि विचारतात तारीख कधी आहे. अहो तारीख कसली, घड्याळ तिकडे चालूच आहे.

एक फाटा आहे तो पण सांगतो. 3 मार्च 2025 चं ते 11,640 चं बिल. वॉरंटी चालू असताना त्यांनी तुमच्याकडून पैसे घेतले, म्हणजे वॉरंटी नाकारली, ते वेगळं कारण म्हणून मांडता येतं आणि त्याची दोन वर्षं मार्च 2027 पर्यंत जातात. ऑगस्टमध्ये दोष परत आला, म्हणजे दुरुस्तीच धड झाली नाही, तेही मांडता येईल. दोष सतत चालू आहे म्हणून कारणही सतत चालू आहे असा पण युक्तिवाद होतो, काही ठिकाणी चालतो काही ठिकाणी नाही, मी त्याच्या भरवशावर कुणाला झोपू देत नाही. कलम 69 मध्येच उशीर माफ करायची सोय आहे, सबळ कारण दाखवलं तर. पण सर्व्हिस सेंटरवाले पुढच्या आठवड्यात या म्हणत होते हे सबळ कारण आहे की नाही ते त्या त्या आयोगावर अवलंबून आहे, आणि त्या माफीच्या अर्जावरच आठ-दहा महिने भांडण चालतं ते वेगळं. 11 जूनच्या आत तक्रार गेली तर यातलं काहीच लागत नाही. म्हणून मी म्हणतो मे च्या मध्यात दाखल करा, शेवटच्या दोन दिवसांत तक्रार दाखल करायचं ऑनलाइन पोर्टल काय करेल सांगता येत नाही.

आता थोडं रागावतो, चालेल ना. जानेवारी 2025 च्या जॉब कार्डवर तुमची तक्रार का नाही? तुम्ही म्हणता तोंडी सांगितलं होतं, ॲडव्हायजर ओळखीचा होता. तो कागद फक्त जनरल सर्व्हिस म्हणतोय आणि खाली तुमची सही आहे, काम समाधानकारक. त्याहून वर म्हणजे तुम्ही स्वतःच लिहिलंय की त्या पोराने सांगितलं साहेब कंपनीचा फोन येईल दहापैकी दहा द्या नाहीतर माझा पगार कापतात, आणि तुम्ही दिले. दहा. दोन्ही वेळा. पोराची दया आली हे समजतं, शाळेत पण तुम्ही असेच मार्क वाटत असाल, पण तो दहाचा आकडा उद्या त्यांच्या लेखी जबाबात पान नंबर टाकून येणार आहे. आणि तिसरं, क्लच सेट बदलला तेव्हा जुना सेट कुठे गेला? बिल तुमच्या नावाचं, पैसे तुमचे, मग जुनी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग पण मागून घ्यायचं ना. ती जुनी प्लेट आज तुमच्या पोत्यात असती तर तज्ज्ञाने बघून सांगितलं असतं की झीज पाय ठेवल्याने झालीये की प्रेशर प्लेट वाकडी होती. तो पुरावा भंगारात गेला. झालं ते झालं, डीलर-कंपनीला जी नोटीस द्याल त्यात जुने पार्ट परत मागा तरी, दिले नाहीत तर तसं उत्तर तरी येईल.

आवाजाबद्दल. मी काय मेकॅनिक नाही, पण अशा दोन-चार केसमध्ये एका जुन्या मिस्त्रींनी मला गॅरेजमध्ये उभं करून शिकवलंय ते सांगतो कारण ते तक्रारीत उपयोगी पडतं. गाडी न्यूट्रलला चालू ठेवा. क्लच दाबला की आवाज येतो आणि सोडला की जातो, तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे क्लच सेटमधल्याच त्या बेअरिंगवर. उलट असेल, म्हणजे पाय वर असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर आवाज गिअरबॉक्सच्या आतल्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असायची शक्यता जास्त. मग गाडी बंद करून गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखा पडतो आणि चालू गाडीत अडतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही, केबल, फोर्क, प्रेशर प्लेट कुठेतरी गडबड. बंद गाडीत पण जड असेल तर लिव्हरकडून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या केबल नाहीतर खुद्द गिअरबॉक्स. सकाळी थंड गाडीत आणि तासगाव-सांगली करून आल्यावर गरम गाडीत, दोन्ही वेळा व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग आणि तुमचा पाय दोन्ही दिसू देत, मागे टीव्ही चालू नको.

हे का सांगतोय, तर वॉरंटी बुकलेटमुळे. तुमच्या बुकलेटच्या फोटोत जी यादी आहे, कशावर वॉरंटी नाही त्याची, त्यात क्लच डिस्क, म्हणजे क्लच प्लेट, आहे, क्लच ॲडजस्टमेंट आहे. रिलीज बेअरिंग नाही. प्रेशर प्लेट नाही. गिअरबॉक्स तर नाहीच. मग त्यांनी सगळा सेट झिजायच्या यादीत टाकून तुमच्याकडून पैसे कसे घेतले? हा प्रश्न नोटिशीत याच शब्दांत विचारा. बिलात तिन्ही पार्ट वेगवेगळ्या ओळीत आहेत ते बरंय.

पण व्हिडिओ म्हणजे तज्ज्ञाचा अहवाल नाही. दोष मुळातच होता हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची आणि बहुतेक गाड्यांच्या केस इथेच पडतात. कलम 38 मध्ये सोय आहे, तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो, पण गाडी काय तेलाची बाटली नाही सील करून पाठवायला. तेव्हा तक्रारीबरोबरच तज्ज्ञ नेमायचा अर्ज द्या, शासकीय पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजचा ऑटोमोबाइलचा माणूस सुचवा. खर्च बहुधा तुम्हालाच आधी भरावा लागेल. आणि तोपर्यंत गल्लीतल्या मिस्त्रीकडून गिअरबॉक्स उघडू नका, उघडला की ते म्हणणार बाहेर छेडछाड झाली. गाडी विकायचं तर डोक्यातच आणू नका.

बदलून मिळेल का, हा तुमचा मूळ प्रश्न. मला वाटत नाही. मारुती उद्योगच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2006 साली सांगितलंय की वॉरंटीत सदोष पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचं लिहिलं असेल तर अख्खी गाडी बदलून द्या असा आदेश देता येत नाही, आणि तेव्हापासून प्रत्येक कंपनीचा वकील तो निकाल खिशात घेऊन फिरतो. गाडीत मूळचाच, दुरुस्त न होणारा दोष सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी, तसे आदेशही झालेत, पण तुमची गाडी आज पण शाळेला जातीये, 17 हजार किलोमीटर झालीये. मी असतो तर आधी मागितलं असतं, क्लच असेंब्ली आणि गिअरबॉक्स तज्ज्ञासमोर तपासून सदोष पार्ट फुकट बदला, त्या कामाची नव्याने वॉरंटी द्या, 11,640 व्याजासह परत करा, त्रासाबद्दल झेपेल अशी रक्कम आणि केसचा खर्च. गाडी बदलून किंवा किंमत परत, ही पर्यायी मागणी म्हणून शेवटी टाकायची. पाच लाख मानसिक त्रासाचे मागितले की आयोगाचे सदस्य तुमच्याकडे बघतच नाहीत, चष्म्यावरून तुमच्या वकिलाकडे बघतात.

बाकीचं पटापट. केस कोल्हापूरला करायची गरज नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात म्हणजे सांगलीला चालते, 2019 च्या कायद्याने ही मोठी सोय केलीये. सव्वासात लाखाच्या गाडीला फी 200 रुपये. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. डीलर आणि कंपनी दोघांना पार्टी करा, एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आधी नोटीस दिलीच पाहिजे अशी सक्ती नाही पण द्या, पंधरा दिवसांची, स्पीड पोस्टाने आणि मेलवर पण, या आठवड्यातच. उत्तराची वाट बघत बसू नका, तक्रारीचा मसुदा तेवढ्यात तयार ठेवा.

किती दिवस लागतील? कायद्यात लिहिलंय तीन महिने, तपासणी लागली तर पाच. हसू नका. समोरच्याला जबाब द्यायला 30 दिवस आणि फार तर अजून 15, त्यापुढे एक दिवस नाही असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितलंय, तेवढा भाग हल्ली बऱ्यापैकी पाळला जातो. पुढे मात्र कधी सदस्यांची जागा रिकामी, कधी कोरम नाही म्हणजे बसायला पुरेसे सदस्य नाहीत, कधी समोरच्याचा वकील हायकोर्टात, तुम्ही रजा टाकून आलेले आणि बोर्डावर पुढची तारीख. दोन-तीन वर्षं धरून चाला. म्हणूनच नोटिशीनंतर कंपनीने क्लच सेट फुकट आणि बिलाचे पैसे परत असं काही पुढे केलं तर लगेच नाही म्हणू नका, पण लेखी घ्या आणि 11 जूनच्या आत काम पूर्ण झालं नाही तर तक्रार दाखल करून टाका, तडजोड नंतर पण होते.

आणि एक बघा, दसऱ्याला गाडी घेताना ऑन-रोड किमतीचा जो कोटेशनचा कागद दिला होता, त्यात इन्शुरन्स, ॲक्सेसरीज यांच्या खाली एक्स्टेंडेड वॉरंटीची ओळ असते बऱ्याचदा, ग्राहकाला माहीतही नसतं आणि पैसे भरलेले असतात. तुमच्या फोटोंत तो कागद नाही. असला तर वॉरंटी संपली हे त्यांचं उत्तरच खोटं ठरतं आणि नोटिशीचा पहिला परिच्छेद बदलावा लागेल. गाडीच्या पेपरच्या त्या प्लास्टिकच्या पाकिटात शोधा आणि फोटो पाठवा, सरळ.