तळ्याकाठच्या गीजना प्लास्टिकची मगर पुरणार नाही

ताई, तुमच्या अमेरिकेतल्या वसाहतीच्या तळ्यात प्लास्टिकची मगर सोडली तर गीज (बदकासारखे मोठे पाणपक्षी) जातील का, असं विचारलंयत. थोडे दिवस बिचकतील, मग तिच्याशेजारीच पोहतील. पैसे घालवू नका.

हे कॅनडा गीज स्थलांतर करणारे नव्हेत. अमेरिकेत शिकारीसाठी जिवंत गीज आमिष म्हणून वापरायला १९३५ मध्ये बंदी आली आणि पाळलेले कळप सुटले. पुढे वन्यजीव खात्यांनीही जागोजागी गीज वसवले. त्यांच्या पिलावळीला उत्तरेची वाट कोणी दाखवलीच नाही. शिवाय मादी जन्मली त्या परिसरातच अंडी घालायला परतते.

त्यांना तुमचं तळं आवडतं ते काठापर्यंत कापलेल्या, खत घातलेल्या कोवळ्या गवतामुळे. चरता येतं, कोल्हा, कायोटी (लांडग्यासारखा रानटी प्राणी) लांबून दिसतो आणि लगेच पाण्यात शिरता येतं. जून-जुलैत पिसं झडून काही आठवडे उडता येत नाही, तेव्हा तर अशी जागा हवीच. म्हणून काठाचा वीसेक फुटांचा पट्टा कापणं थांबवा, स्थानिक उंच गवत मांडीपर्यंत वाढू द्या. ‘तळं दिसत नाही’ म्हणून लोक भांडतील, तरी मागे हटू नका. पाण्याकडची पायवाट वळणाची ठेवा. सरळ असली की त्यांना आरपार दिसतं.

अंड्यांना मात्र परस्पर हात लावू नका, १९१८ च्या अमेरिकी पक्षी-संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. यू.एस. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या केंद्रीय वन्यजीव खात्याकडे दरवर्षी ऑनलाइन मोफत नोंदणी होते, मग १ मार्च ते ३० जून या काळात अंड्यांची वाढ थांबवायला परवानगी असते. काही राज्यं वेगळा परवाना मागतात, तेही बघा. अंड्यांना मक्याचं तेल लावलं की कवचाची छिद्रं बुजतात आणि वाढ थांबते. मादी बसून राहते, सहसा नवी अंडी घालत नाही. तेल लावण्याआधी अंडं पाण्यात सोडून पाहायचं. तरंगलं तर पिल्लू बरंच वाढलंय, ते तसंच परत ठेवायचं. यात कुचराई करणाऱ्याला हे काम देऊच नका.

गीजना हुसकावायला बॉर्डर कॉली (मेंढ्या हाकणारे कुत्रे) आणायचे तर गीजच्या जोड्या घरटी धरण्याआधी. कुत्र्याने पक्ष्याला शिवता कामा नये.

आणि खाऊ घालणं बंद. भारतातून आलेले आजी-आजोबा नातवंडांना घेऊन पोळीचे तुकडे, मुरमुरे टाकतात. त्यात माया असते, पण पक्षी धीट होतात आणि तळं सोडत नाहीत. इंग्रजी पाटीवर विसंबू नका, समोर जाऊन मराठीत सांगा.

मार्चआधीच्या सभेत नोंदणीचा ठराव आधी करून घ्या. गवताचा वाद पुढच्या सभेत घातला तरी चालेल.