गिटार ‘घुमवणे’: फीडबॅकसाठी एक क्रियापद

प्रश्न मालवणहून आलाय. विचारणारे मुलांना इलेक्ट्रिक गिटार शिकवतात आणि पेडलं (पायाने दाबायच्या, आवाज बदलणाऱ्या डब्या) लावून फीडबॅक, म्हणजे स्पीकरच्या आवाजाने तार आपोआप वाजत राहणं, कसा काढायचा, याची मराठीत टिपणं करतायत. “एकाने ‘अभिप्राय’ सुचवला, दुसऱ्याने ‘प्रत्याभरण’. काय लिहू?”

‘अभिप्राय’ आधी खोडा. तो खानावळीतून निघताना वहीत लिहायचा असतो. ‘प्रत्याभरण’ चूक नाही, पण बी.एड.च्या पुस्तकाबाहेर तो फारसा फिरकलेला नाही. ‘फीडबॅक’ हे नाम खुशाल ठेवा. अडचण नामाची नाहीच, क्रियापदाची आहे. फीडबॅक येतो, काढतो, देतो… यातून गिटार नेमकं काय करते ते कळतच नाही.

ते क्रियापद आपल्याकडे आहे: घुमणे.

पारवा घुमतो. विहिरीत मारलेली हाक घुमते. आणि शिमग्यात, जत्रेत ढोल तापला की कुणाच्या तरी अंगात वारं येतं आणि तो घुमायला लागतो. हा शेवटचा अर्थ मला इथे फार चपखल वाटतो. अंगात आलेला माणूस आपण होऊन घुमत नाही. बाहेरचं काहीतरी आत शिरतं आणि ढोल चालू आहे तोवर ओसरत नाही. गिटारचंही तसंच होतं. तारेचं कंपन तिच्याखाली बसवलेला पिकअप टिपतो, अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) ते वाढवतो, स्पीकरमधून निघालेला आवाज हवेतून येऊन त्याच तारेला पुन्हा हलवतो. प्रत्येक फेऱ्यात जेवढं विरतं तेवढं अ‍ॅम्प भरून देत असला, की बोट न लावताही तार थांबायचं नाव घेत नाही. ओव्हरड्राइव्ह किंवा फझ हे आवाज खरखरीत करणारं पेडल ढोलकऱ्याचं काम करतं: विझत चाललेलं बारीकसं कंपनही ते दाबून-फुगवून मोठ्याइतकं करून ठेवतं.

शिवाय मराठी व्याकरण एक सोय फुकट देते. गिटार घुमली म्हणजे आपसूक, कदाचित नको असताना. गिटार घुमवली म्हणजे वाजवणाऱ्याने ठरवून. १९६७ साली मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवात अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने केलं ते घुमवणं. ‘फीडबॅक’ या नामात हा भेद सापडत नाही.

‘शिट्टी’ मात्र वेगळी ठेवा. दशावताराच्या मंडपात “रे, माइक शिट्टी मारता, आवाज कमी कर!” अशी ओरड होते, ती शिट्टी. गिटारच्या पिकअपमधली बारीक विजेच्या तारेची वेटोळी सैल असली की तीच थरथरतात आणि तसाच कर्कश आवाज निघतो. वाजवायच्या तारांवर तळवा ठेवून बघा. आवाज थांबला तर तार घुमत होती, नाही थांबला तर ती शिट्टी. ही परीक्षा टिपणात जरूर घाला.

किनाऱ्यावरचा माणूस म्हणून मला ‘गाज’ शब्दाचा मोह झाला होता. पण समुद्राच्या गाजेला ठरावीक सूर नसतो, फीडबॅकला असतो. आणि क्रियापद करायला जावं तर घोटाळाच: ‘गिटार गाजवली’ म्हणजे टाळ्या मिळवल्या!

आता शब्द वापरात टिकतो का ते बघू. टिपणातलं एक कलम मी असं लिहीन: “ओव्हरड्राइव्हचा गेन (आवाज फुगवायचं बटण) चढवा, अ‍ॅम्पकडे तोंड करा, एकच तार छेडा आणि बाकीच्या तळव्याने दाबून धरा. तार घुमू लागली की जेमतेम हातभर मागे सरका. घुमणारा सूर बदलेल.” हातभरच का? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून ४४० हर्ट्झच्या सुराची लाट सुमारे ७७ सेंटिमीटर लांब असते. तिच्या निम्म्याने सरकलात की तारेला मिळणारा धक्का उलट वेळी पडतो, तो सूर रुसतो आणि दुसरा उठतो. वा-वा पेडल हळूहळू दाबत नेलं तरी असाच सूर निवडता येतो, कारण एका वेळी ते सुरांच्या एकाच पट्ट्याला उचलून धरतं. (पायाने सूर सांभाळणं आपल्याला नवं नाही, पायपेटीवाल्यांना विचारा.)

असा उठलेला सूर बहुधा मूळ षड्जाचा वरचा षड्ज असतो, नाहीतर त्याच्याही वरचा पंचम. या सुरांना नवा शब्द घडवायची गरजच नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडता ऐकू येतो तो ‘स्वयंभू गंधार’. हेही स्वयंभू स्वरच. ‘हार्मोनिक’पेक्षा हा शब्द विद्यार्थ्याच्या कानाला लवकर कळेल असं मला वाटतं.

दोन ठिकाणी मात्र ‘घुमणे’ लावू नका. बॉस या पेडल बनवणाऱ्या कंपनीने १९८४ मध्ये ‘सुपर फीडबॅकर’ नावाचं पेडल काढलं. पाय दाबून धरला की तेच आतून लांबलचक सूर तयार करतं, अ‍ॅम्पचा आवाज कितीही बारीक असो. तार तिथे घुमतच नाही, ते घुमण्याचं सोंग. जत्रेतही काहीजण असं करतातच. दुसरं, डिले पेडलवरचं ‘फीडबॅक’ लिहिलेलं बटण. ते एका आवाजाचे पडसाद किती वेळा उमटावेत ते ठरवतं. फार पिळलं की प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा मोठा होत कल्लोळ माजतो, पण त्या फेऱ्यात ना तार असते ना हवा. तिथे ‘पडसाद’च लिहा, नाहीतर पोरं बटण फिरवून गिटार घुमायची वाट बघत बसतील.

शीर्षक विचाराल तर ‘पेडल लावून गिटार कशी घुमवावी’. ‘फीडबॅक’ हा शब्द पहिल्याच ओळीत एकदा येऊ दे, दुकानात पेडल मागायला तोच लागणार आहे.