मुलगी ‘शूटिंगवाली’ होणार का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला कर्मचारी. मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजातल्या सरांच्या लेक्चरचे आणि प्रॅक्टिकलचे व्हिडिओ ती गेली दीड वर्ष करून देते. सर खूश आहेत. आता म्हणते, नेट-सेटच्या मागे लागायचं नाही, याच क्षेत्रात काम करायचं. आमच्याकडे लग्नाचे व्हिडिओ काढणारी पोरं दहावी नापास आहेत. त्यासाठी एम.एस्सी. कशाला केलं? हे खरंच करिअर आहे का?
– एक वडील, सोलापूर जिल्हा

उत्तर : काका, नमस्कार. लग्नाचा व्हिडिओ काढणाऱ्या पोरांना कमी लेखू नका. अक्षता पडण्याच्या क्षणी योग्य जागी उभं राहणं सोपं नसतं. पण तुमची मुलगी करते ते काम वेगळं आहे. कसं, ते माझ्याच एका फजितीवरून सांगतो.

या समुपदेशनाच्या धंद्यात येण्याआधी मी काही वर्षं शैक्षणिक व्हिडिओंच्या संहिता लिहायचो. एका कॉलेजात टायट्रेशनचं, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याची तीव्रता मोजण्याच्या प्रयोगाचं, शूटिंग होतं. मे महिना, आवाज येतो म्हणून पंखे बंद, प्रयोग दाखवणाऱ्या बाई घामाने भिजलेल्या. ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, थेंब पडतायत, खाली फ्लास्कमध्ये रंग पालटून खूण देणारं फिनॉल्फ्थॅलीन. मी मराठीचा बी.ए., कॅमेरामन फोटोग्राफीतला. दोघांनाही वाटलं, काम फक्कड झालं. एडिट झालेला व्हिडिओ लॅब असिस्टंटने पाहिला आणि म्हणाला, “साहेब, यात एंड पॉइंट कुठाय?”

खरंच नव्हता. एंड पॉइंट म्हणजे द्रावणाचा रंग पालटून टिकतो तो क्षण. कॅमेऱ्याची सगळी सेटिंग ऑटोवर होती, त्यामुळे ती जेमतेम दिसणारी गुलाबी छटा कॅमेऱ्याने परस्पर ‘सुधारून’ पांढरी करून टाकली होती. त्याहून मोठी चूक एडिटिंगची. शेवटचे थेंब फार सावकाश पडत होते, म्हणून आम्ही ते कापून थेट पुढे उडी मारली. कंटाळवाणा भाग कापणे हा एडिटरचा धर्म. पण इथे तो कंटाळवाणा भाग हाच धडा होता! एकेक थेंब सोडायचा, फ्लास्क हलवायचा, रंग टिकतो का बघायचं, हे ज्याने पाहिलंच नाही तो पोरगा प्रत्यक्षात भसाभस ओतून गडद गुलाबी करून बसणार. आम्ही दोघं शिकलेले, आणि चूक पकडली ती रोज मुलांचे फ्लास्क धुणाऱ्या माणसाने.

तेव्हा एम.एस्सी. वाया जात नाही, काका. कॅमेरा चालवणारे पुष्कळ आहेत. मुलं नेमकी कुठे अडखळतात हे ज्याला ठाऊक आहे, आणि ती जागा पडद्यावर कशी धरायची हेही कळतं, असा माणूस कमी.

हे क्षेत्र कालपरवा उगवलेलं नाही. दूरदर्शनवर दुपारी यूजीसीचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ लागायचा, तुम्हाला आठवत असेल. तो 15 ऑगस्ट 1984 ला सुरू झाला. त्यासाठी कार्यक्रम करणाऱ्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होतं. आज ते ईएमएमआरसी (एज्युकेशनल मल्टिमीडिया रिसर्च सेंटर) म्हणून ओळखलं जातं. अशा देशभरातल्या केंद्रांचा समन्वय करणारी सीईसी (कन्सोर्शियम फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन) ही संस्था दिल्लीत आहे. 2017 मध्ये ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ आलं. त्यातल्या कोर्समध्ये व्हिडिओ हा चारातला एक भाग. सोबत वाचायचं साहित्य, चाचण्या आणि शंका विचारायची जागा. म्हणजे नुसतं शूटिंग येऊन भागत नाही, कोर्सची अख्खी मांडणी यावी लागते. ती करणाऱ्याला ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’ म्हणतात. पुण्या-मुंबईतल्या ई-लर्निंग कंपन्यांच्या जाहिरातींत हाच शब्द शोधायला सांगा. ‘व्हिडिओ एडिटर’ शोधलं तर लग्नवाल्यांच्याच रांगेत उभी राहील.

आता कडू भाग. सरकारी आणि विद्यापीठातली यातली बरीच पदं प्रकल्पापुरती, कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की पुढचा शोधा. तुमच्यासारख्या जिल्हा परिषदेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकून धडधडणार, आणि ती धडधड चुकीची नाही. म्हणून मुलीला माझ्याकडून सांगा : सेट दे. एकदा मनापासून दे. एक तर प्राध्यापकीचं दार उघडं राहतं. दुसरं म्हणजे, त्या अभ्यासात सगळा अभ्यासक्रम नजरेखालून जातो, आणि संहिता लिहिणाऱ्याला तेच हवं असतं. ‘नेट-सेट की व्हिडिओ’ हे भांडण तुमच्या घरात उगाच चाललंय.

पुढे शिकायचंच असेल तर एसएनडीटी विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे चौकशी करावी. एडिटिंगच्या महागड्या क्लासला पैसे घालू नका. एडिटिंगला दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आणि पडदा रेकॉर्ड करायला ओबीएस, एवढ्या सॉफ्टवेअरवर बरंच भागतं. खर्च करायचाच तर चांगल्या कॉलर माईकवर करा. चित्र थोडं धूसर असलं तरी मुलं बघतात, आवाज फाटला की बंद करतात.

अभ्यास म्हणून तिने आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ बघावेत. दहाएक मिनिटांचे, साधे. त्यांची संहिता दोन रकान्यांत असते : एकीकडे पडद्यावर काय दिसणार, दुसरीकडे काय बोलणार. चित्र तेच ठेवून निवेदन मराठीसह इतर भारतीय भाषांत करतात. तिने आजवर कॅमेरा सुरू करून सरांना “बोला सर” म्हटलं असणार. आता आधी दोन रकाने भरायचे, मग कॅमेरा.

लांबीबद्दल तिला कुणीतरी ‘सहा मिनिटांचा नियम’ सांगेलच. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरची व्हिडिओ पाहण्याची जवळपास 69 लाख सत्रं तपासून 2014 मध्ये एक शोधनिबंध आला, त्यातून हा आकडा निघाला : व्हिडिओ कितीही लांब असो, किमान निम्म्या वेळा मुलं सहा मिनिटांच्या आतच थांबतात. म्हणून काहीजण प्रत्येक धडा सहा मिनिटांत कोंबतात. मला हे पटत नाही. एखादी लांब रिॲक्शन मेकॅनिझम, म्हणजे अभिक्रिया पायरीपायरीने कशी घडते ते, बारा मिनिटं मागत असेल तर तिचे दोन तुकडे करा, पण मधली पायरी गिळू नका.

आणि तिच्या हातात एक हुकमाचा पत्ता आहे, तो तिने ओळखावा. मराठी माध्यमातून आलेला मुलगा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजी लेक्चरमध्ये कसा गप्प बसतो, हे तिने बाजूच्या बाकावरून पाहिलंय. त्याच्यासाठी ‘मोल’ ही पदार्थातले कण मोजायच्या एककाची कल्पना मराठीत समजावणारा व्हिडिओ तिने करावा. नोकरीच्या मुलाखतीला असे तीनच नमुने न्यायचे, तीस नाही : एक संकल्पनेचा, एक प्रॅक्टिकलचा, एक गणिताचा. सोबत त्यांच्या दोन रकानी संहिता. सरांच्या लेक्चरची दीड वर्षाची रेकॉर्डिंग कुणी बघणार नाही.

प्रॅक्टिकलचा नमुना टायट्रेशनचाच करायला सांगा. फ्लास्कखाली पांढरी फरशी, कॅमेऱ्याने रंग आणि उजेड परस्पर बदलू नयेत म्हणून व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक, शेवटचे थेंब न कापता. झाला की आधी तुम्ही बघा, रसायनशास्त्र येत नसलं तरी चालेल. गुलाबी रंग नेमका कोणत्या थेंबाला आला हे तुम्हाला बोट ठेवून दाखवता आलं, तर मग मला पाठवा.