आजारपणात लिहिलेल्या वह्यांमधलं काय प्रसिद्ध करावं आणि काय ठेवून द्यावं?

तुम्ही लिहिलंय की आईच्या आजारपणात वह्या भरल्या, ती गेल्यावर त्यातलं काही लोकांनी वाचावं असं वाटतंय, पण काय निवडावं ते कळत नाही. शिवाय मामांनी आईला लिहिलेली पत्रं आहेत, आणि भावाला हे रुचेल का याची धाकधूक आहे. माझे बाबा डायलिसिसवर होते. त्या काळातलं माझं थोडं लिखाण मी प्रसिद्ध केलंय, म्हणून उत्तर देतेय.

जी पानं लिहून तुम्हाला सगळ्यात मोकळं वाटलं, ती निवडीत बहुतेक टिकणार नाहीत. माझ्या वहीत ‘सगळं माझ्यावरच आलंय, आता नाही झेपत’ अशी पानंच्या पानं आहेत. तेव्हा ती लिहिली नसती तर माझं कठीण होतं. पण दुसऱ्या कुणाला त्यातून बाबा दिसत नाहीत, आणि खरं तर मीही दिसत नाही. त्याच वहीत एक छोटी नोंद आहे. बाबांना मशीन लावलंय आणि पलीकडच्या बेडवरचे आजोबा विचारतात, “आज किती?” बाबा म्हणतात, “अडीच.” अंगात साठलेलं अडीच लिटर पाणी काढायचं होतं, आणि दोघं दुधाचा रतीब सांगावा तसं बोलत होते. दोन डायलिसिसच्या मधे किती प्यायचं त्याचं माप ठरलेलं असतं. ऐन मे महिन्यात बाबा बर्फाचा खडा जिभेवर घोळवत बसायचे. आई त्यांच्यासमोर कधी पाणी प्यायली नाही. आत ओट्याशी जाऊन, पाठमोरी उभी राहून प्यायची. हे मी प्रसिद्ध केलं. ज्यांच्या घरात डायलिसिस चालू होतं अशा लोकांनी वाचून आपापल्या घरातल्या तांब्याभांड्याच्या गोष्टी मला कळवल्या. त्यातल्या काही मी अजून जपून ठेवल्यात.

म्हणून हातात पेन्सिल घेऊन वह्या वाचा, आणि जिथे तुम्ही काही बघितलंय, ऐकलंय, मोजलंय तिथे खूण करा. बाकीचं फाडू नका, फक्त बाहेर काढू नका.

आईला आता विचारता येणार नाही, हे सगळ्यात अवघड. मी माझ्यापुरतं असं ठरवलं की बाबा जे पाहुण्यांसमोर बोलले असते ते लिहायचं. त्यांना अंघोळ घालताना मी जे पाहिलं, ते माझ्याजवळच राहील. काही जण म्हणतील की अशाने लिखाण सौम्य होतं. होऊ दे. आजारी माणसाच्या अंगावर आपला तेवढा हक्क नसतो, असं मी अगदी ठामपणे मानते.

मामांच्या पत्रांचं सोपं आहे. कागद तुमच्याकडे असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखकाच्या मृत्यूनंतरही टिकतो. तेव्हा मामांना विचारा, ते नसतील तर त्यांच्या मुलांना.

भावाबद्दल जरा सविस्तर. दवाखान्यात रात्री कोण थांबलं, पैसे कुणी भरले, हे हिशोब तुमच्या वहीत असणारच, सगळ्यांच्याच असतात. ती पानं वाचून अजून कपाळावर शीर उठत असेल तर आत्ता हात लावू नका. लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक १९१९ साली गेले, आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली आला. नवऱ्याचा तापट स्वभाव, न सांगता घरातून निघून जाणं, १८९५ सालचं त्यांचं धर्मांतर, त्यानंतरची ताटातूट, काही म्हणता काही झाकलेलं नाही. तरी बाई उट्टं काढायला बसल्यात असं एकदाही वाटत नाही. तुम्हीही पंधरा वर्षं थांबा असं म्हणत नाहीये, पण भावाशी मनातल्या मनात भांडण चालू असेल तर ते वाक्यावाक्यात उतरतं. नाव बदलूनही भागत नाही, नात्यातले लोक ‘धाकटा भाऊ’ एवढ्यावरून ओळखतात.

राग निवला असेल तर त्याला आधी वाचायला द्या. अख्खी वही नको, निवडलेली पानं टाइप करून द्या. आणि ‘छापू का?’ एवढंच विचारू नका. त्या दिवसाचं तुला काय आठवतंय, तेही विचारा. माझ्या बहिणीला बाबांचा शेवटचा गणपती माझ्याहून कितीतरी जास्त आठवत होता. त्या लेखात निम्म्या ओळी तिच्या आहेत, आणि खाली तिचंही नाव आहे.