कुंडीतले बेसिल, ताटातला पास्ता

प्रश्न : मार्चमध्ये बेसिलचे रोप विकत आणून गच्चीवर ठेवले. थोड्याच दिवसांत त्याला मंजिऱ्या आल्या, पाने बारीक आणि निबर झाली, आणि पास्त्याच्या सॉसमध्ये शिजवल्यावर ती काळी पडून वासही उरला नाही. त्याऐवजी घरची तुळस वापरावी का? वाण्याकडचा सबजा पेरला तर बेसिल उगवते, हे खरे का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सबजा हे बेसिलचेच बी आहे, त्यामुळे ते पेरल्यास रोप येते. मात्र आपल्याकडच्या सबजाच्या पानांना बहुधा बडीशेपेकडे झुकणारा वास असतो, तर इटलीतील जेनोवा परिसरातले, ज्याला २००५ पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे, ते बेसिल अधिक गोडसर आणि सौम्य असते. म्हणून इटालियन पदार्थांसाठी ‘जेनोवीज’ किंवा ‘स्वीट बेसिल’ असे लिहिलेले बियाणे घ्यावे. तुळस जवळच्या नात्यातली असली तरी तिची जात वेगळी आहे; तिचा लवंगेसारखा उग्रपणा काढ्यात शोभतो, टोमॅटो आणि चीजबरोबर तो बाकीच्या चवी झाकून टाकतो.

तुमच्या रोपाची खरी अडचण लागवडीच्या वेळेची आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो आणि गच्चीवर कुंडीही तापते. अशा ताणाखाली रोप पाने सोडून बी धरण्याच्या मागे लागते. दसऱ्याच्या सुमारास बी पेरावे. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात, म्हणून तिच्यात वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. रोजचे पाच-सहा तास ऊन पुरेसे आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला की पानांवर काळे डाग पडतात, तेव्हा कुंडी रात्री घरात घ्यावी.

पाने तोडण्याची रीत सर्वांत महत्त्वाची आहे. खालची मोठी पाने एकेक करून ओरबाडू नयेत; रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की वरचा शेंडा एका जोडीच्या लगेच वर खुडावा. त्या जोडीच्या बगलेतले दोन बारीक कोंब वाढून दोन फांद्या होतात, आणि असे खुडत राहिल्यास झाड डेरेदार होते. कळी दिसताच तीही काढावी, कारण फुलोऱ्यानंतर पानांची चव कडवट होत जाते.

स्वयंपाकात बेसिल शिजवायचे नसते. गॅस बंद केल्यावर पाने हाताने तोडून सॉसमध्ये घालावीत. त्यांतली सुगंधी तेले उष्णतेने लवकर उडून जातात.

पेस्टोसाठी, म्हणजे बेसिलच्या कच्च्या पानांच्या वाटलेल्या हिरव्या सॉससाठी, साठ ग्रॅम कोवळी पाने, तीस ग्रॅम चिलगोजे, लसणाची एक पाकळी, चिमूटभर खडे मीठ, पन्नास ग्रॅम किसलेले पार्मेजान चीज आणि पाऊण वाटी ऑलिव्ह तेल घ्यावे. चिलगोजे महाग पडतात, काजूंनी काम छान भागते. जेनोवात हे संगमरवरी खलात वाटतात, आणि आपला दगडी खलबत्ताही त्यासाठी उत्तम आहे. मिक्सर वापरायचाच असेल तर तो थांबवत थांबवत फिरवावा, कारण पाती तापली की हिरवा रंग काळवंडतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस एखादे झाड न खुडता मोकळे सोडावे. मंजिऱ्या वाळल्या की हातावर चोळून बी काढून ठेवावे. पुढच्या दसऱ्याची पेरणी त्यातूनच होईल.