वाचकांचे प्रश्न : तापमानाच्या प्रोबचा आकडा का हलतो?

प्रश्न : 10 किलोओहमचा थर्मिस्टर (तापला की रोध कमी होणारा सेन्सर) आणि तेवढाच रेझिस्टर मालिकेत जोडून आर्डुइनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डावर तापमान मोजतो. 12 व्होल्टचा हीटर रिलेने सुरू झाला की आकडा चटकन दीड अंशाने उतरतो, बंद झाला की परत चढतो. 50 वाचनांची सरासरी घेऊनही फरक पडत नाही. थर्मिस्टर बदलू का?

उत्तर : बदलू नका, थर्मिस्टर ठणठणीत आहे. आकडा थरथरत नाही, दर वेळी तेवढाच सरकतो, यातच उत्तर आहे. हा नॉइझ, म्हणजे बाहेरून शिरणारा विद्युत गोंधळ, नव्हे. हीटरच्या करंटमुळे ग्राउंडच्या (परतीच्या) वायरीत पडणारं व्होल्टेज आहे आणि ते सरासरीने जात नाही. थर्मिस्टरची एक वायर बहुधा सोय म्हणून हीटरपाशीच त्याच्या निगेटिव्हला जोडलेली असणार.

हिशोब करून पाहा. 0.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण 0.034 ओहम. हीटर 5 अँपिअर घेत असेल तर मीटरभर वायरीत 0.17 व्होल्ट पडतात. थर्मिस्टरचं खालचं टोक तेवढं वर उचललं जातं आणि थर्मिस्टर आणि रेझिस्टर जुळतात त्या मधल्या बिंदूवर त्याचा निम्मा, 85 मिलिव्होल्टचा परिणाम दिसतो. 5 व्होल्टवर 25 अंशांच्या आसपास 3950 बीटाचा (बीटा म्हणजे तापमानाने रोध किती झपाट्याने बदलतो त्याचा आकडा) थर्मिस्टर अंशाला सुमारे 55 मिलिव्होल्ट देतो. झाला दीड अंश! व्होल्टेज वाढलं की प्रोग्रामला रोध वाढल्यासारखा वाटतो, म्हणून तो गार दाखवतो. यात खरा धोका असा की हीटर चालू असताना तुमचा कंट्रोलर दीड अंश जास्तच तापवतो.

थर्मिस्टरच्या दोन्ही वायरी थेट बोर्डापर्यंत आणा. हीटरची निगेटिव्ह थेट सप्लायकडे जाऊ द्या आणि बोर्डाचा ग्राउंड वेगळ्या वायरीने सप्लायच्या त्याच टोकाला जोडा. मग हीटर चालू ठेवून मल्टिमीटर 200 मिलिव्होल्टवर लावा, एक पिन बोर्डाच्या ग्राउंडवर, दुसरी थर्मिस्टरच्या ग्राउंडच्या टोकावर. एक-दोन मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठेतरी हीटरच्या आणि थर्मिस्टरच्या करंटची वाट अजून सामायिक आहे.

प्रश्न : माझ्या थर्मिस्टरची वायर तीन मीटर आहे. आकडा सतत दोन अंश वर-खाली होतो. लॅपटॉपचा चार्जर काढला की बराच शांत होतो. मीही 50 वाचनांची सरासरी घेतो.

उत्तर : हा मात्र खरा नॉइझ. आधी तो कुठून शिरतो ते शोधा. थर्मिस्टर काढून बोर्डापाशीच 10 किलोओहमचा साधा रेझिस्टर लावा. तरीही आकडा नाचला तर दोष सप्लायचा किंवा ब्रेडबोर्डच्या ढिल्या जोडणीचा. शांत झाला तर तोच रेझिस्टर वायरीच्या दुसऱ्या टोकाला लावा. आता नाचला तर वायर अँटेनासारखी वागते आहे.

दोन्ही वायरी एकमेकींना घट्ट पिळून घ्या, दर दोन सेंटिमीटरला निदान एक पीळ. मेन्सच्या वायरीशेजारून नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. शील्ड (वायरीभोवतीची धातूची जाळी) असेल तर ती बोर्डाच्याच टोकाला ग्राउंड करा, प्रोबकडचं टोक मोकळं ठेवा. बोर्डाच्या अॅनालॉग पिनपासून ग्राउंडपर्यंत 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की 50 हर्ट्झचा गुणगुणाट सोळाव्या हिश्शावर येतो.

सरासरीत गोम अशी आहे : आर्डुइनो उनोवर एकापाठोपाठ 50 वाचनं साडेपाच मिलिसेकंदांत उरकतात, तर 50 हर्ट्झची एक फेरी 20 मिलिसेकंदांची. म्हणजे तुम्ही पाव फेरीचीच सरासरी घेता. एकेक मिलिसेकंदाने 20 वाचनं घ्या. चार्जरची अर्थ पिन मात्र कधीही कापू नका. ती जीव वाचवण्यासाठी आहे.

प्रश्न : थर्मोकपल वाचणाऱ्या मॅक्स31855 चिपला जोडलेला के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या वायरी टोकाला जोडून केलेला तापमानाचा सेन्सर) हवेत नीट चालतो. अर्थिंग केलेल्या धातूच्या भांड्याला टेकला की फॉल्ट येतो.

उत्तर : या चिपला थर्मोकपलची कोणतीही वायर ग्राउंडला लागलेली चालत नाही. टोकाचा जोड बाहेरच्या धातूपासून अलग असलेला प्रोब घ्या किंवा जोडावर कॅप्टॉन टेपचे (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेटिंग टेपचे) दोन वेढे द्या. प्रतिसाद किंचित मंदावेल. थर्मोकपल अंशाला जेमतेम 41 मायक्रोव्होल्ट देतो, म्हणून चिपच्या दोन इनपुटांमध्ये अगदी पिनांजवळ 10 नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हवाच. वायर वाढवायची तर के-टाइपचीच. तांब्याची जोडलीत तर त्या जोडापाशीच नवी चूक तयार होते.